कित्ता गिरविणारा परीक्षक

ठाण्याच्या खाडीलगतच्या पट्ट्यांत एके काळीं भातशेती, मिठागरें आणि मासेमारी यांवर आगरी व कोळी लोकांची उपजीविका चाले. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि पुढें ठाणें-बेलापूर रस्त्याच्या कडेनें ट्रान्स ठाणे क्रीक या नांवाची विस्तीर्ण औद्योगिक वसाहत उभी राहिली. पावणे हें गांव त्याच वसाहतींत येतें. तेथें रसायनांचे व अभियांत्रिकी मालाचे कारखाने आहेत. आणि महापे, रबाळे, ऐरोली या बाजूस संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या कचेऱ्या व मोठमोठीं माहितीकेंद्रें उभीं राहिलीं आहेत. एकाच रस्त्यावर दोन प्रकारचा माल तयार होतो. एक हातांत धरतां येतो, दुसरा धरतां येत नाहीं. परीक्षा मात्र दोहोंचीहि करावी लागते, आणि ती करतांना दोहोंतील फरक स्पष्ट दिसून येतो.

कारखान्यांत लोखंडी दांड्याचा व्यास बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कामगार दोन तोंडांचें गेज वापरतो. दांडा एका तोंडांत शिरला पाहिजे आणि दुसऱ्यांत शिरतां कामा नये. ही तपासणी भरंवशाची असते. कारण तो दांडा कोणत्या गिऱ्हाइकाच्या हातीं जाणार यावर त्याचा व्यास अवलंबून नसतो. संकेतस्थळावरील पानाची गोष्ट अशी नाहीं. तें पान तयार माल म्हणून गिऱ्हाइकाकडे जातच नाहीं. जाते ती त्याची कृति. ती कृति वाचून प्रत्यक्ष पान मांडण्याचें काम गिऱ्हाइकाच्या संगणकावरील किंवा फोनवरील ब्राउझर करतो. पुरणपोळीची एकच कृति चार घरीं धाडली, तर चारी घरच्या पोळ्या पोळ्याच असतात, परंतु त्या एकमेकींसारख्या असतातच असें नाहीं. ब्राउझरांचेंहि तसेंच आहे. म्हणून पानाची परीक्षा एका ब्राउझरांत करून भागत नाहीं. जितके ब्राउझर लोकांच्या वापरांत असतील तितक्यांत ती करावी लागते.

ही परीक्षा म्हणजे काय, हें एका उदाहरणावरून समजेल. उत्पन्नाच्या दाखल्यासाठीं अर्ज भरावयाचा आहे, असें समजा. नांव लिहावें, जन्मतारीख निवडावी, तालुका निवडावा, कागदपत्रांचीं चित्रें जोडावींत, आणि शेवटीं 'सादर करा' हें बटण दाबावें, म्हणजे अर्जाचा क्रमांक मिळतो. हीं सर्व पावलें नीट पडतात कीं नाहीं, हें परीक्षक स्वतः करून पाहूं शकतो. परंतु आज्ञावलींत दर आठवड्यास कांहींना कांहीं बदल होत असतो, आणि प्रत्येक बदलानंतर सर्व पावलें सर्व ब्राउझरांत पुन्हां टाकून पाहणें मनुष्यास अशक्य होतें. चार ब्राउझर, तीन प्रकारचे संगणक व फोन, आणि पन्नास निरनिराळे अर्ज धरले, तर सहाशें फेऱ्या होतात; आणि त्या एका बदलाच्या.

यावर उपाय म्हणून नोंदविलेली चाचणी पुढें आली. परीक्षकानें एकदां अर्ज भरावयाचा. त्याच्या हाताच्या प्रत्येक हालचालीची नोंद एका साधनानें ठेवावयाची. आणि पुढें पाहिजे तेव्हां तेंच साधन त्या हालचाली जशाच्या तशा करून दाखविणार. कल्पना मोहक आहे. आज्ञावली लिहितां न येणाऱ्या मनुष्यासहि ती वापरतां येते. पण ही नोंद एका ब्राउझरांतून दुसऱ्यांत नेली कीं पुष्कळदां अडखळते. आणि ती कां अडखळते हें नीट न समजल्यामुळें कित्येक कचेऱ्यांतून शेंकडों चाचण्या अखेर टाकून द्याव्या लागतात.

या साधनांमध्यें सर्वांत प्रसिद्ध साधन सेलेनियम हें होय. त्याचा आरंभ २००४ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं झाला. थॉटवर्क्स या कंपनींत, जिची शाखा आज पुण्यासहि आहे, जेसन हगिन्स यांनीं कंपनीच्या अंतर्गत वेळ व खर्च यांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या चाचणीसाठीं तें रचिलें. त्या काळीं बाजारांत मर्क्युरी, म्हणजे पारा, या नांवाच्या कंपनीचीं महागडीं साधनें होतीं. आणि पाऱ्याच्या विषावर सेलेनियम हा उतारा मानला जातो, या विनोदावरून हें नांव पडलें. २००६ सालीं जपानमधील शिन्या कासातानी यांनीं त्यास हालचाली नोंदविणारें सेलेनियम आयडीई हें जोडसाधन दिलें. तें फायरफॉक्स या एकाच ब्राउझरांत बसविलें जाई. येथेंच पुढील सर्व अडचणींचें बीज आहे: नोंद एका ठिकाणीं व्हावयाची, आणि परीक्षा मात्र सर्व ठिकाणीं घ्यावयाची.

ब्राउझरांत फरक कां असतो, हें प्रथम पाहणें इष्ट आहे. प्रत्येक ब्राउझराच्या आंत पान मांडणारें एक इंजिन असतें. आज मुख्य इंजिनें तीन आहेत. क्रोम, एज आणि ऑपेरा यांच्या आंत ब्लिंक. फायरफॉक्सच्या आंत गेको. आणि अॅपलच्या सफारीच्या आंत वेबकिट. ब्लिंक हें २०१३ सालीं वेबकिटपासूनच फुटून निघालें. मायक्रोसॉफ्टचा एज २०२० च्या जानेवारींत त्याच घराण्यांत आला. पूर्वींचा इंटरनेट एक्सप्लोअरर १५ जून २०२२ रोजीं निवृत्त झाला. तो असतां परिस्थिति याहून बिकट होती. तरी आजहि तीन इंजिनें म्हणजे एकाच ग्रंथाचे तीन टीकाकार आहेत. मूळ सूत्र तिघांनाहि मान्य आहे. परंतु सूत्र जेथें मुग्ध असतें तेथें प्रत्येकाचा अर्थ वेगळा पडतो.

आतां नोंद अडखळते ती कशी, हें क्रमानें पाहूं.

पहिली अडचण पत्त्याची. परीक्षकानें 'सादर करा' हें बटण दाबलें, हें साधनास कळतें. पण तें बटण पुढच्या वेळीं शोधावयाचें कसें, याचा कांहीं तरी पत्ता त्यास लिहून ठेवावा लागतो. तो बहुधा असा लिहिला जातो: पानाच्या तिसऱ्या कप्प्यांतील दुसऱ्या चौकटीच्या आंतील पांचवें बटण. एखाद्याचें घर विचारलें असतां 'उजव्या हातास सातवा दरवाजा' असें सांगण्यासारखेंच हें झालें. मध्यें कोणी नवी खोली बांधली कीं पत्ता चुकला. शिवाय असा पत्ता शोधण्याची सोय सर्व ब्राउझरांत सारखी नव्हती. फायरफॉक्समध्यें ती अंगभूत होती. इंटरनेट एक्सप्लोअररमध्यें साध्या पानांसाठीं ती मुळींच नव्हती, म्हणून सेलेनियमला तें काम स्वतःच्या आज्ञावलीनें रखडत करावें लागे. परिणामीं फायरफॉक्समध्यें झटकन् पार पडणारी चाचणी दुसरीकडे इतकी मंदावे कीं ठरलेली मुदत संपून ती नापास ठरे. पान निर्दोष, बटण निर्दोष. तरीहि निकाल नापास.

दुसरी अडचण वेळेची. मनुष्य पानाकडे पाहून काम करतो. यादी उघडेपर्यंत तो थांबतो. आपण थांबलों हें त्याच्या ध्यानींहि येत नाहीं. नोंदींत त्याचें दाबणें उतरतें, थांबणें उतरत नाहीं. तालुक्यांची यादी एका ब्राउझरांत लवकर येते, दुसऱ्यांत किंचित् उशिरां. आणि यंत्र ती येण्यापूर्वींच तिच्यांतील नांव निवडूं पाहतें. कांहीं परीक्षक मग प्रत्येक पावलामागें पांच सेकंदांचा विसांवा घालतात. त्यानें चाचण्या लांबतात आणि रोग जात नाहीं. कारण एखादे दिवशीं सहा सेकंद लागतात. योग्य रीत अशी कीं, यंत्रास 'पांच सेकंद थांब' असें न सांगतां 'यादी दिसेपर्यंत थांब' असें सांगावें.

तिसरी अडचण पानाबाहेरील वस्तूंची. जन्मतारखेचा रकाना हें याचें उत्तम उदाहरण आहे. पान लिहिणारा केवळ 'येथें तारीख हवी' एवढेंच सांगतो. दिनदर्शिका कशी दाखवावयाची हें ब्राउझर ठरवितो. क्रोममध्यें ही सोय २०१२ सालीं आली, फायरफॉक्समध्यें २०१७ च्या नोव्हेंबरांत, आणि संगणकावरील सफारींत २०२१ सालीं; इंटरनेट एक्सप्लोअररमध्यें ती कधींच आली नाहीं. म्हणजे एकाच पानावर एका ब्राउझरांत दिनदर्शिका उघडे, तर दुसऱ्यांत नुसता कोरा रकाना दिसे. क्रोममध्यें दिनदर्शिका गृहीत धरून नोंदविलेली चाचणी त्या कोऱ्या रकान्यापुढें गोंधळून जाई. कागदपत्र जोडतांना उघडणारी खिडकी, छायाचित्रासाठीं मागितलेली परवानगी, सूचनेची पेटी, यांहि वस्तु पानाच्या नसून ब्राउझराच्या किंवा संगणकाच्या असतात. नोंद करणाऱ्या साधनाची दृष्टि तेथवर पुष्कळदां पोहोंचत नाहीं.

चौथी अडचण कळफलकाची व माउसची. एका रकान्यांतून दुसऱ्यांत जाण्यासाठीं पुष्कळ लोक टॅब ही कळ दाबतात. क्रोममध्यें ती कळ दुव्यांवरहि थांबते. मॅकवरील सफारींत मूळ मांडणी तशीच ठेवली तर ती दुवे सोडून पुढें जाते. तेव्हां 'चार वेळां टॅब, मग एंटर' अशी नोंद एका ठिकाणीं 'सादर करा' या बटणावर पोहोंचते आणि दुसऱ्या ठिकाणीं भलत्याच जागीं. पावलें मोजून चालणाऱ्या आंधळ्यास अनोळखी घरांत सोडावें तशी त्या चाचणीची अवस्था होते.

पांचवी अडचण सर्वांत फसवी आहे. कारण तींत चाचणी नापास न होतां पास होते. आरंभींचें सेलेनियम पानाच्या आंत राहूनच काम करी. बटण दाबावयाचें म्हणजे खरा माउस हलवून दाबणें नव्हे, तर 'बटण दाबलें गेलें' अशी आंतून आरोळी देणें. आतां समजा, एखाद्या ब्राउझरांत मांडणी बिघडून तें बटण एका चित्राखालीं झांकलें गेलें. माणसाचें बोट तेथें पोहोंचणार नाहीं. पण आरोळी मात्र पोहोंचते, आणि चाचणी उत्तीर्ण होते. सायमन स्ट्युअर्ट यांनीं रचलेल्या वेबड्रायव्हर या पद्धतीनें ही उणीव बरीच दूर केली. तींत प्रत्येक ब्राउझरास त्याच्या स्वतःच्या चालकामार्फत बाहेरून हांकलें जातें, आणि वस्तु दिसत नसेल किंवा झांकलेली असेल तर तसें कळविलें जातें. २०११ सालीं ती सेलेनियमच्या दुसऱ्या आवृत्तींत सामील झाली, व ५ जून २०१८ रोजीं डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेनें तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. तेव्हांपासून निरनिराळ्या ब्राउझरांस आज्ञा देण्याची एक सामाईक भाषा झाली.

सहावी अडचण अशी कीं, ज्याची परीक्षा घ्यावयाची तो ब्राउझर स्वतःच स्थिर नसतो. क्रोमची नवी मोठी आवृत्ति पूर्वीं सहा आठवड्यांनीं येई. २०२१ पासून ती चार आठवड्यांनीं येऊं लागली. ब्राउझर रात्रींतून बदले, त्याचा चालक मात्र जुनाच राही, आणि सकाळीं सर्व चाचण्या एकदम बंद पडलेल्या आढळत. २०२२ च्या अखेरीस सेलेनियममध्येंच योग्य चालक शोधून आणण्याची व्यवस्था झाली, तेव्हां हा त्रास पुष्कळ कमी झाला. पण सर्वांत मोठा धक्का त्यापूर्वींचा आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्यें फायरफॉक्सची ५५ वी आवृत्ति निघाली, आणि तिच्यांत जुनें सेलेनियम आयडीई चालेनासें झालें. जोडसाधनें लिहिण्याची रीतच बदलली होती. पुढें तें साधन क्रोम व फायरफॉक्स या दोहोंसाठीं नव्यानें लिहिलें गेलें खरें. परंतु ज्यांच्या चाचण्या केवळ नोंदीच्या रूपांत होत्या आणि ज्यांतील एकाहि पावलाचा हेतु कोठें लिहून ठेवलेला नव्हता, त्यांना त्या हलविणें फार जड गेलें.

इथवरच्या अडचणी सर्व भाषांना सारख्याच आहेत. मराठी पानांची परीक्षा घेणाऱ्यास आणखी एका अडचणीस तोंड द्यावें लागतें, आणि ती आपल्या लिपीची आहे. पानावर योग्य मजकूर आला कीं नाहीं, हें यंत्र अक्षरें ताडून पाहतें. पण यंत्र अक्षराचें रूप पाहत नाहीं. त्यामागील क्रमांक पाहतें. सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाड हें नांव घ्या. त्यांतील अर्धा र संगणकांत दोन प्रकारांनीं लिहितां येतो. एक प्रकार म्हणजे ऱ हें स्वतंत्र अक्षर, ज्याचा यूनिकोडमधील क्रमांक ०९३१ आहे, त्यास हलन्त चिन्ह व पुढें ह. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, क्रमांक ०९३०, त्यास हलन्त चिन्ह, मग जोडणारें एक अदृश्य चिन्ह आणि पुढें ह. दोन्ही लेखनें पडद्यावर एकसारखीं दिसतात. यंत्रास मात्र तीं दोन भिन्न नांवें वाटतात. 'ॲ' या अक्षराचीहि तीच कथा. त्यास ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक २००८ सालीं यूनिकोडच्या ५.१ या आवृत्तींत मिळाला. त्यापूर्वीं तें 'अ' वर अर्धचंद्र देऊन लिहीत, व आजहि पुष्कळ कळफलक तसेंच लिहितात. एका फोनवरून भरलेला अर्ज आणि दुसऱ्या संगणकावरून शोधलेलें नांव यांचा मेळ बसत नाहीं, तेव्हां दोष ब्राउझराचा कीं टंकलेखनाचा, हें चाचणीस सांगतां येत नाहीं.

यंत्राऐवजीं पानाचीं चित्रें काढून तीं ताडून पाहावींत, तर तेथेंहि टंक आड येतो. विंडोजवर मंगल किंवा निर्मला, ॲण्ड्रॉइडवर नोटो, मॅकवर कोहिनूर, असे निरनिराळे देवनागरी टंक सामान्यतः वापरले जातात. त्यांच्या अक्षरांची रुंदी निराळी, म्हणून एकाच वाक्याची ओळ निराळ्या जागीं तुटते, आणि खालचें बटण दोन अंगुळें सरकतें. शिवाय ल आणि श यांचें मराठी वळण व हिंदी वळण भिन्न आहे. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठीसाठीं देवनागरी लिपी व वर्णमाला प्रमाणित केली. कांहीं टंकांत हीं दोन्ही वळणें असतात, आणि पानाची भाषा मराठी असल्याचें स्पष्ट सांगितलें तरच मराठी वळण उमटतें. तेव्हां पान लिहिणाऱ्यानें भाषा न सांगितल्यास चित्र निराळें येतें, आणि तो दोष मात्र खराच असतो. येणेंप्रमाणें खरा दोष व आभास यांची सरमिसळ होते.

या अडचणींतून उद्योगहि निर्माण झाला, आणि तो दूर देशीं नव्हे तर मुंबईंत. २०११ सालीं आयआयटी मुंबईचे दोन पदवीधर, रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल, यांनीं ब्राउझरस्टॅक ही कंपनी काढली. निरनिराळे ब्राउझर आणि खरेखुरे फोन एका ठिकाणीं जमवून, जगांत कोठूनहि त्यांवर आपलें पान तपासण्याची सोय भाड्यानें देणें, हा तिचा व्यवसाय. प्रत्येक कचेरीनें शंभर प्रकारचे फोन कपाटांत बाळगावेत, त्यापेक्षां हें सोयीचें. पानांचीं चित्रें ताडणारें पर्सी हें साधनहि २०२० सालीं तिनें आपल्याकडे घेतलें. ब्राउझर बनविणाऱ्यांनींहि स्वस्थ बसण्याचें सोडलें आहे: २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आदि मंडळी दरवर्षीं कांहीं मुद्दे ठरवून, त्यांवर आपापलीं इंजिनें एकसारखीं वागावींत यासाठीं इंटरॉप या नांवाचा संयुक्त उपक्रम चालवितात.

तथापि भाड्यानें फोन मिळाले व इंजिनें जवळ आलीं, म्हणून कच्ची नोंद पक्की होत नाहीं. तिचें मूळ वैगुण्य निराळें आहे. नोंदींत हाताची हालचाल उतरते. मनांतील हेतु उतरत नाहीं. लहान मूल कित्ता गिरवितें, तेव्हां तें अक्षराचें वळण शिकतें. शब्दाचा अर्थ त्यास कळलेला असतोच असें नाहीं. कागद बदलला, ओळींतील अंतर बदललें, कीं त्याचा हात चुकतो. पुढें अर्थ कळूं लागल्यावर तेंच मूल पाटीवर, फळ्यावर, वाळूवर, कोठेंहि तो शब्द लिहूं शकतें. चाचणीनेंहि कित्त्याकडून अर्थाकडे जाणें अवश्य आहे.

हें प्रत्यक्षांत कसें साधावें? नोंद हा केवळ पहिला खर्डा समजावा. तो हातीं आल्यावर प्रत्येक पावलाचा हेतु साध्या शब्दांत लिहावा, आणि पत्ता जागेवरून न देतां नांवावरून द्यावा: 'पांचवें बटण' नव्हे, तर 'सादर करा असें ज्यावर लिहिलें आहे तें बटण'. पान लिहिणाऱ्यानें अशा महत्त्वाच्या वस्तूंस न बदलणारी एक खूण देऊन ठेवावी. दोघांनीं आरंभींच एकत्र बसून ठरविल्यास हें काम अगदीं थोडें आहे. थांबावयाचें तें घड्याळाकडे पाहून नव्हे, स्थितीकडे पाहून. तारीख, कागदपत्र, परवानगी या पावलांसाठीं प्रत्येक ब्राउझराची रीत वेगळी लिहावी. मराठी नांवें ताडण्यापूर्वीं त्यांचीं दोन्ही लेखनें एकाच प्रमाणरूपांत आणावींत. आणि हा नियम केवळ चाचणींत नव्हे, तर मूळ प्रणालींतहि असावा, म्हणजे शोधणाऱ्यास नांव सांपडेल. शेवटीं, अशा चाचण्या थोड्या व नेमक्या असाव्यात. ज्यांच्या चुकण्यानें लोकांचें खरोखर नुकसान होईल तेवढीं कामें प्रत्येक इंजिनांत तपासावींत. बाकीचीं एकांत तपासून भागतें.

चाचणी नापास झाली म्हणजे तीन अर्थ संभवतात: पान चुकलें असेल, ब्राउझराची रीत निराळी असेल, किंवा चाचणीच शिळी झाली असेल. हें तीन अर्थ न निवडतां 'ती नेहमींच नापास होते' म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची संवय लागली, तर लांडगा आला रे आला या गोष्टींतील गांवकऱ्यांसारखी गत होते. ज्या दिवशीं लांडगा खरोखर येतो, त्या दिवशीं कोणी धांवत नाहीं. म्हणून जी चाचणी विनाकारण ओरडते ती त्याच आठवड्यांत दुरुस्त करावी, नाहींतर काढून टाकावी.

या विषयाकडे केवळ यंत्रज्ञांचें कोडें म्हणून पाहणें बरोबर नाहीं. महाराष्ट्रांत २०१५ सालीं लोकसेवा हक्काचा कायदा झाला, आणि 'आपले सरकार' या संकेतस्थळावरून अनेक दाखल्यांसाठीं अर्ज करतां येऊं लागले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा मिळूं लागला. पूर्वीं तहसील कचेरीच्या खिडकीशीं अडलेला मनुष्य कारकुनास विचारूं तरी शके. पानावरील बटण दबलें नाहीं तर विचारणार कोणास? परीक्षकाच्या टेबलावर नवा संगणक असतो. अर्जदाराच्या हातांत मुलाचा जुना फोन असतो, ज्यांतील ब्राउझर कित्येक महिन्यांत बदललेला नसतो. प्रवेशाची मुदत आज रात्रीं बारा वाजतां संपणार असते, दाखल्यासाठीं एका दिवसाची मजुरी आधींच बुडालेली असते, आणि तारखेचा रकाना मात्र 'तारीख अयोग्य आहे' एवढेंच म्हणत राहतो. आपलें कांहीं चुकलें असावें, असें समजून तो मनुष्य निमूटपणें परत जातो. त्याची तक्रार कोठेंच नोंदली जात नाहीं. कारण त्याच्या फोनांत काय झालें तें त्यालाहि सांगतां येत नसतें.

चाचणी ही त्या न आलेल्या तक्रारीच्या ऐवजीं असते. यास्तव कचेरीच्या कागदावर किती चाचण्या उत्तीर्ण झाल्या, यापेक्षां कोणत्या ब्राउझरांत आणि कोणत्या फोनवर त्या घेतल्या, हा आंकडा अधिक महत्त्वाचा समजावा. आणि आठवड्यांतून एकदां तरी परीक्षकांपैकीं एकानें, यंत्र बाजूस ठेवून, जुन्या फोनवर मराठींत एक अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातानें भरून पाहावा.